नाकावरची पाटी

समीक्षाचा राग सकाळपासून नाकाच्या शेंड्यावर होता, आणि त्यात तिची काय चूक? नऊची वेळ दिलेली. साडेअकरा वाजले तरी तालुक्याचे पुढारी भाऊ, त्यांच्या गाडीचा पत्ता नाही. तुडीलच्या घाटावर मंडप घातलेला, माईकवाला 'हॅलो हॅलो' करून करून थकलेला, आणि सावित्री नदीच्या खाडीपलीकडच्या काठावर तिचे मुरारीकाका एकटे उन्हात उभे. काम एवढंच, की इकडून बोट आली की तिच्यामागची दोरी धरायची. बसा हो जरा, म्हणून तिनं फोनवर दोनदा सांगितलं. "नाय, उभाच ऱ्हातो," म्हणाले.

बोट म्हणजे माणसं बसायची नव्हे. अडीच फुटांची, लाल, रिमोटवर सुसाट पळणारी. बिलालची. हा बिलाल समीक्षाच्या शाळेतला. बारा वर्षं कतारला, दोह्यात होता, तिथं दर जुम्म्याला दोस्तांबरोबर असल्या बोटींच्या शर्यती लावायचा. परत येताना लोक सोनं आणतात, यानं ही आणली. बायको अजून टोमणे मारते.

समीक्षाचं महाडच्या बाजारात पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तिनं ती बोट पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या डोक्यात शर्यत आली नाही, मुरारीकाकांची रंगूकाकी आली. पुराच्या वर्षी काकी गोठ्याच्या पत्र्यावर अडकली होती. समोरच्या स्लॅबवरून समीक्षानं चारदा दोरी फेकली. मागं दोरीचं टोक धरून मुरारीकाका आणि गल्लीतला भरत. चारही वेळा दोरी दहा हात कमी पडली. "नाय पोचत गो!" काकी ओरडली, आणि मग पत्राच गेला. दहा हात! माणूस एवढ्याशा अंतरानं जातो, यावर समीक्षाला आजही संताप येत होता. पाण्यावर, स्वतःच्या दंडांवर, सगळ्यांवर.

म्हणून ही बोट. शेपटाला मासेमारीची बारीक नायलॉन दोरी, आणि ती पलीकडं पोचली की तिला बांधून जाडा दोर ओढून घ्यायचा. हळू बोट पुराच्या ओढीत वाहून जाते, पळणारीच पाहिजे. पण पळणारी बोट म्हणजे नाठाळ खोंड! पहिल्या दिवशी ती नाक आपटत बेडकासारखी उड्या मारत गेली. बिलालनं बॅटरी दोन बोटं पुढं सरकवली, नाक बसलं. मग ती एका अंगावर कलायला लागली. पंखा एकीकडं फिरतो आणि सगळी बोट उलट पिळतो, म्हणून बॅटरी मधोमध न ठेवता करंगळीभर बाजूला घेतली. वाकडी दिसायची, पण धावायची सरळ. दोरी शेपटाला बांधली तर वळेचना, तेव्हा दोरीची कडी जवळजवळ पोटापर्यंत पुढं आणली. शेवटी नाक फार उठू नये म्हणून बुडाच्या मागच्या दोन पट्ट्या केसभर खाली वाकवल्या.

"एका वेळी एकच गोष्ट हलवायची," बिलाल सारखा म्हणायचा. "दोन हलवल्यास तर कशानं सुधारली ते कळणार कसं?" समीक्षा चडफडायची, पण ऐकायची. महिन्याभरानं भर ओहोटीच्या ओढीत बोट दोरी घेऊन सरळ जायला लागली. प्रत्येक वस्तूच्या जागी मार्करनं रेघ मारून ठेवली, म्हणजे कुणी हलवलंच तर समजावं.

आज ग्रामपंचायतीसमोर चाचणी होती. दोरी पोचली तर पावसाआधी बोट घाटावरच्या आपत्तीच्या पेटीत. नाही पोचली तर पुढल्या वर्षी बघू. ग्रामसेविका निशिगंधा मॅडम कागद मांडीवर घेऊन आंब्याखाली बसल्या होत्या. डोळ्यांनी बघतील तेच लिहिणार होत्या.

पावणेबाराला भाऊ आले. हारतुरे झाले, भाषण झालं. समीक्षा बोट उचलायला वळली आणि जागीच थबकली. बोटीच्या नाकावर वीतभर रुंद ॲक्रिलिकची पाटी, तीन स्क्रू मारून उभी केलेली. पाटीवर भाऊंचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'संकल्पना'. वर झेंडूचा हार! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणी लावली ही?"

"मी," भरत म्हणाला. तोच गल्लीतला, आता भाऊंचा माणूस. पांढरा शर्ट, कानाला फोन. "चांगली दिसते ना?"

"काढ. आत्ताच्या आत्ता काढ. वारा पकडेल ती."

"अगो, एवढीशी पाटी! भाऊ बघतायत. आता काढली तर माझं काय ऱ्हाईल?"

"तुझं काय ऱ्हाईल? भरत, तू होतास त्या स्लॅबवर! दोरी तुझ्या हातात होती!"

भरतनं नजर चुकवली, पण पाटी काढली नाही. "ओढीचं पाणी हाय, लवकर कर," एवढंच म्हणाला. तोवर माईकवर समीक्षाचं नाव पुकारून झालं होतं.

बिलाल कानाशी आला. "हार मी काढतो. तू हळू ने. वेग दिलास तर नाक उचलेल."

तिनं हळूच सोडली. पण ओहोटी कसली हळू असते? बोट मध्यावर जाईपर्यंत खाली वाहवत गेली, दोरीला धनुष्यासारखा पोक आला. "फास्ट, फास्ट!" मंडपातून कुणीतरी ओरडलं. भाऊ हसले. ते हसणं समीक्षाच्या डोक्यात गेलं आणि तिनं रिमोटचा खटका दाबला, पार शेवटापर्यंत. बोट सुटली. पाटीनं वारा पकडला, नाक वर आलं, आणखी वर आलं, आणि सगळी बोट हवेत उलटी होऊन आपटली. लाल पोट वर.

"प्रयत्न स्तुत्य आहे," भाऊ माईकवर म्हणाले. "पुढच्या वर्षी नक्की विचार करू." त्यांना पोलादपूरला जिमचं उद्घाटन होतं. पाच मिनिटांत गाड्या गेल्या, खुर्च्या उचलल्या जाऊ लागल्या. निशिगंधा मॅडम मात्र कोरा कागद घेऊन आंब्याखालीच होत्या.

बिलाल दोरीनं बोट ओढून घेत होता. समीक्षानं काकांना फोन लावला. तिचा आवाज रागानं फाटला होता. "काका, या परत. झालं सगळं."

"आली नाय ना अजून?" काका म्हणाले. "मग कसं येऊ?"

तिनं पलीकडं पाहिलं. म्हातारा होता तिथंच उभा होता, दोन्ही हात पुढं करून. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला. नाकापेक्षा मोती जड! तीन स्क्रू काढले, पाटी चिखलात भिरकावली, भोकांवर चिकटपट्टी लावली. बिलालनं झाकण उघडून आतलं पाणी पुसलं. बॅटरी रेघेवरून सरकली होती, ती परत रेघेवर आणली.

"एक बोलू?" तो म्हणाला. "पाटी त्यांनी लावली. खटका तू दाबलास. राग इथं काठावर ठेव, मग सोड."

लागलं तिला. पण खोटं काय बोलला? तिनं डोळे पुसले, हात कोरडे केले आणि बोट पाण्यावर ठेवली.

या वेळी तिनं हळूहळू वेग वाढवला. नाक जरा उठलं आणि तिथंच थांबलं. ना उडी, ना कलणं. ओढीला तिरकी भिडून बोट दोरी उलगडत गेली, मध्य ओलांडला, पलीकडच्या पाण्यात वळली. मुरारीकाका गुडघाभर पाण्यात उतरले. वाकले.

"पोचली गो!" पाण्यावरून आवाज आला. "समीक्षा, पोचली!"

तिनं नायलॉनला जाडा दोर बांधला. काकांनी तो हात हात करत ओढून घेतला. तो कुठं बांधतायत ते इकडून नीट दिसेना.

एवढ्यात भरत मोटरसायकलवरून परत आला. "कुणीतरी भाऊंना व्हिडिओ धाडला! गाडी फिरवलीय त्यांनी. दोर सोडायला सांग, पाटी लावू आणि पुन्हा एकदा करू. फोटो घ्यायचाय."

समीक्षाला वाटलं, रिमोट याच्या टाळक्यात घालावा. "दोर पलीकडं हाय," ती म्हणाली. "सोडायला तूच सांग त्यांना."

भरत काठावर गेला. "मुरारीकाका! दोर सोडा! पुन्हा घ्यायचाय!"

पलीकडं काका वळले तेव्हा दिसलं. दोर त्यांनी झाडाला बांधला नव्हता. स्वतःच्या कमरेला तीन वेढे घेतले होते, आणि दोन्ही मुठींत घट्ट धरून ते काठावर बसले होते.

"नाय सोडत," ते म्हणाले.

दोराचं इकडचं टोक भरतच्या पायाशी पडलं होतं. तो खाली वाकला आणि त्यानं ते उचलून हातात धरलं. खिशात फोन वाजत राहिला.

"नोंद काय लिहू?" आंब्याखालून निशिगंधा मॅडमनी विचारलं.

समीक्षा बोलणार, तोच भरत म्हणाला, "पोचली म्हणून लिहा, मॅडम."