वेरूळ रोडवरचं बंदरी घर

जुन्याची कदर करावी तर राजकुमारनं. आजोबांच्या बैलगाडीत त्यानं शोभेची फुलझाडं लावली होती आणि आजीचं जातं कारंज्याखाली बसवलं होतं. आता वेरूळ रोडवरच्या तीन एकरांतल्या रिसॉर्टला त्याला 'हेरिटेज' हवं होतं. लेणी तिथून हाकेच्या अंतरावर. पण ती सरकारची, आणि वर दगडाची.

"दगड इथं कुणाकडंबी आहे," तो म्हणायचा. "लाकूड दाखवा म्हणावं एखाद्यानं!"

म्हणून त्यानं कोकणातल्या एका बंदरावरचं दीडशे वर्षांचं लाकडी घर विकत घेतलं. गलबतं बांधणाऱ्या सुतारांनी उभारलेलं, साग आणि फणसाचं, एकही खिळा नसलेलं. तिथल्या सुतारांनी ते सांधा सांधा सोडवून दोन ट्रकांत भरून दिलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं बजावलं, की प्रत्येक सांध्यावर खूण कोरलेली आहे, ती बघूनच जोडा. तो सांगत होता तेव्हा राजकुमार समुद्राकडं पाठ करून स्वतःचा फोटो काढत होता. "हो काका, हो," म्हणाला. फोटो झकास आला.

मुंबईच्या एका ट्रॅव्हल कंपनीनं कबूल केलं होतं, की घर खरोखर जुनं आहे असं तज्ज्ञानं लिहून दिलं, तर परदेशी पाहुण्यांचं वर्षभराचं बुकिंग इथंच येईल. राजकुमारनं पत्राच्या आधी पितळी पाटी करून घेतली. तिच्यावर ठसठशीत 'इ.स. १८७०'. सत्तरच का? आकडा गोल दिसतो.

ट्रक उतरले आणि त्याचा चेहरा पडला. लाकूड काळंकुट्ट, जागोजागी ओरखडे. असल्या सांगाड्यात परदेशी माणूस झोपेल होय? घर उभं करायला फुलंब्रीचा कडुबा मिस्तरी यायचा होता, पण त्याला अजून आठ दिवस होते. तेवढ्यात राजकुमारनं पॉलिशवाल्या गोकुळला बोलावलं. गोकुळनं दोन मशिनी लावल्या आणि चारशे तुकडे असे घासले, की ते लेकीच्या रुखवतातल्या दिवाणासारखे चमकायला लागले.

कडुबा आला. त्यानं एक खांब उजेडात फिरवून पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. मग खाली बसून तंबाखू मळायला घेतली.

"मालक, खुणा कुठं हायेत?"

"कसल्या खुणा?"

"ह्या टोकाला तीन चिरा असल्या, की तीन चिरांची खाच हुडकायची. तसं जुळतं घर."

"अच्छा, ते ओरखडे व्हय!" राजकुमार खूश झाला. "सगळे काढले. एक नाय ठेवला. हात फिरवून बघा."

कडुबानं हात फिरवला. "लई गुळगुळीत केलं. मालक, तिकडं लेण्यांतबी भिंतींवर छिन्नीचे घाव दिसतात. तिथंबी एकदा मशीन लावा की."

"ते सरकारनं बघावं," राजकुमार गंभीरपणे म्हणाला.

कडुबा काही उठून गेला नाही. रोजची हजेरी सोडण्याइतका तो मानी नव्हता. दीड महिना त्यानं अंदाजानं घर जोडलं. जमलं तिथं ठोकलं, नाही जमलं तिथं कापलं, आणि उरलेल्या ठिकाणी लोखंडी पट्ट्या लावून नटबोल्ट आवळले. समुद्राच्या वाऱ्यासाठी कोरलेली जाळी बाथरूमच्या भिंतीला गेली. पुढच्या दाराचा उंबरा सापडेना, तो प्लायवूडचा केला.

मग विशाखा मॅडम पुण्याहून आल्या. जुन्या इमारतींच्या तज्ज्ञ. हातमागाची साडी, गळ्यात पावशेर चांदी. आल्या आल्या त्यांनी बैलगाडीतल्या फुलझाडांचा फोटो काढला, तेव्हा राजकुमारनं मनात पाटी ठोकूनही टाकली.

"मॅडम, अजून समुद्राचा वास येतो बघा."

"टर्पेंटाइनचा आहे," मॅडम म्हणाल्या. तासभर त्या एवढंच बोलल्या. मग नटबोल्टपाशी थांबल्या. "घर सोडवतानाचे फोटो आहेत?"

"आहेत ना!" राजकुमारनं मोबाईल पुढं केला. फोटोत तो होता, त्याचा गॉगल होता, मागं समुद्र होता. घर नव्हतं.

"साग उत्तम आहे तुमचा," मॅडम म्हणाल्या. "पलंग करा, सोफे करा. पण हे त्या बंदरावरचं घर नाही. कुणी बांधलं, कसं बांधलं, ते ज्याच्यावर लिहिलेलं होतं, त्याचा तुम्ही भुसा केलात."

"पण मॅडम, आतून लाकूड तेच आहे की!"

"आतून कुठलंही लाकूड जुनंच असतं."

गाडीकडं जाताना त्यांनी प्यायला पाणी मागितलं. मजुरांचं पाणी बघणारी द्वारकाबाई माठाकडं वळली. माठाखाली एक काळा ओंडका होता. मॅडम साडीसकट चिखलात उकिडव्या बसल्या. ओंडक्याच्या टोकाला तीन चिरा होत्या आणि बोटभर लांबीची एक उठावाची होडी कोरलेली होती.

"हा कुठून आणलात?"

"ट्रकमधनंच, बाई. माठ कलंडत व्हता म्हणून पहिल्याच दिवशी घेतला." द्वारकाबाई घाबरली. "माघारी द्यायचाय का?"

"उंबरा आहे हा. होडी म्हणजे समुद्राकडची बाजू." मॅडमनी राजकुमारकडं न बघता सांगितलं, "घराचं मी लिहून देणार नाही. ह्या उंबऱ्याचं देते. ह्याला फडकंसुद्धा लावू नका."

राजकुमारचा जीव भांड्यात पडला. उंबऱ्याचं का होईना, पत्र ते पत्र. मुंबईवाले कुठं ओळ न् ओळ वाचतात? मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच त्यानं प्लायवूड उखडायला लावलं आणि उंबरा दारात बसवून घेतला. पितळी पाटी बरोबर टोकावर, होडीच्या जागी. म्हणजे आत जाणाऱ्याची नजर आधी पाटीवर पडेल.

कडुबानं स्क्रू आवळले. राजकुमार चार पावलं मागं गेला, एक डोळा मिटून बघितलं.

"पाटी डुगडुगती रे, कडुबा."

"खाली होडी हाये, मालक."

राजकुमारनं मोबाईल काढला. "हॅलो, गोकुळ? मशीन घेऊन ये जरा. काय नाय, पाच मिनिटांचं काम आहे."

कडुबानं पेचकस खिशात घातला. द्वारकाबाई माठ कडेवर घेऊन कधीची उभी होती. त्यानं उखडलेलं प्लायवूड पायानं तिच्याकडं सरकवलं.