मिरचीची उंडी

"मावशी, गूळ सढळ हाताने भरा हं. वर्षातून एकदाच फुकट खायचं असतं," मुखिया तुन फे म्हणाला. वर्षभर फुकटच खाणाऱ्याने असं म्हणावं, याचं ओन च्वे मावशीला नवल वाटलं नाही.

ब्रह्मदेशातल्या पखोक्कूच्या पॅगोड्यापाशी चिंचेखाली खसखशीच्या पोळ्या भाजण्यात मावशीचं आयुष्य गेलं. गेल्या साली 'भाविकांना धूर लागतो' म्हणून तुन फेने तिचा तवा उठवला. मग तिथे त्याची मेहुणी तवा घेऊन बसली. तिचा धूर बहुधा भाविकांना मानवत असावा. मावशी तेव्हा हसली. मुखियाशी कुणी भांडत नाही. पाण्याच्या सणाची वाट बघतात.

सणाला एकमेकांवर पाणी ओतायचं आणि गल्लीत उंड्या करून वाटायच्या. तांदळाच्या पिठात ताडगूळ भरायचा, उकळत्या पाण्यात सोडायच्या, तरंगल्या की काढायच्या. एखादीत गुळाऐवजी मिरची. ती ज्याला लागेल त्याने हसायचं. चिडला तर वर्षभर नाचक्की. सूड आणि पुण्य एकाच पातेल्यात.

मावशीने सर्वांत जहाल मिरची निवडली. एकच उंडी भरली. दोन म्हणजे वैर दिसलं असतं. तिला नखाने खूण केली आणि तुन फेच्या वाटीत ती सगळ्यांत वर ठेवून खोबरं भुरभुरलं.

"मुखिया, जपून हो!" शेजारीण न्यो म्हणाली. "मावशीचा हात कुठल्या डब्यात गेलाय, देव जाणे."

"मावशीचा हात गोडच," म्हणत त्याने नेमकी तीच उंडी चमच्यात घेतली. गल्ली श्वास रोखून बघत होती. चमचा ओठांशी थांबला.

"छे! थोरांच्या आधी? आईने एवढं तरी शिकवलंय." तो उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी चमचा मावशीपुढे धरला. "पहिला घास तुमचा."

मावशीने सगळं हिशेबात धरलं होतं. आपलं वय तेवढं राहिलं होतं.

तिने तोंड उघडलं. सावकाश चावलं. गिळलं.

"गोड?"

"गोड."

तुन फेने उरलेल्या उंड्या मटामटा खाल्ल्या. "काय चव आहे हो! आमच्या मेहुणीला शिकवा की."

"शिकवते ना," आवाज हलू न देता मावशी म्हणाली. "मिरच्या घेऊन ये म्हणावं."

तो मोठ्याने हसला. त्याला तो विनोद वाटला.

तेवढ्यात पोरी बादल्या घेऊन आल्या आणि म्हातारीला बघून अदबीने बाजूने जाऊ लागल्या.

"इकडे या गं," मावशीने हाक मारली. "तोंडावर ओता. चांगली बादलीभर."