माझ्या टोकावरची माती

दोन हजार अठरा साली, दिवाळीनंतर, माकुणसारच्या एका वाडीतली सात उंडीची झाडं मुळासकट काढली गेली. ती काढली मीच. मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. पुरुषभर उंचीची, एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार. लोखंडाला कसला आलाय पश्चात्ताप, असं तुम्ही म्हणाल. मीही तेव्हा असंच म्हणत होते.

सफाळ्याच्या एका लोहाराने मला मोडक्या गाडीच्या कण्यातून ठोकून काढलं. आत्मारामांनी मला खांद्यावर टाकलं आणि चालत घरी आणलं. त्यांची वाडी खाडीच्या उतारावर होती. वरच्या अंगाला विहीर, तिच्याभोवती सुपारी, चिकू आणि पांगाऱ्यावर चढवलेल्या पानवेली. खालच्या अंगाला, खाडीकडे तोंड करून, उंडीची रांग. खाडीवरचा खारा वारा आधी त्या जाड, चकचकीत पानांवर आपटायचा आणि मगच वाडीत शिरायचा.

आत्मारामांची एक रीत होती. झाड लावायचं ठरलं की ते आधी रोप आणत नसत, आधी खड्डा खणत. दोन हात खोल गेलं की मला वर काढायचे, माझ्या टोकावरची ओली माती बोटावर घ्यायचे आणि जिभेला लावायचे. गोड लागली तर तिथे चिकू. मचूळ लागली तर नारळ. खारट लागली की थुंकून म्हणायचे, ही उंडीची जागा. मग गावातल्याच एखाद्या उंडीखाली आपोआप उगवलेलं रोप उचलून आणायचे. पहिला उन्हाळा सरल्यावर त्या रोपाला कुणी पाणी घातल्याचं मला आठवत नाही.

त्यांची बायको सुलू हे बघून हसायची. "लग्नाच्या वक्ताला माजीबी चव बघायची व्हती," असं एकदा म्हणाली.

"बगितली असती तर तिखट लागली असती," आत्माराम म्हणाले, आणि मला पुन्हा खड्ड्यात घातलं.

पानवेली मात्र सुलूच्या. सकाळी अंगठ्यावर पत्र्याची नखी चढवून ती पानं खुडायची. कुठल्या वेलीचं पान आधी जून होतं, कुठली वेल रुसते, सगळं तिला पाठ होतं. माहेराहून तिने आणलेलं एवढंच होतं, एका वेलीचा तुकडा. त्याची वाढून पावणेदोनशे वेली झाल्या होत्या.

पुढे आत्मारामांना अर्धांगवायू झाला आणि ते ओटीवरच्या खाटेला खिळले. मुलगा भावेश बोईसरच्या एका कंपनीत होता. त्याचा खोकला जात नव्हता. त्याच्या मनात आलं, नोकरी सोडावी, वाडीत चार खोल्या बांधाव्यात, केळव्याच्या किनाऱ्याला येणारे पाहुणे इकडे वळवावेत. पाहुण्यांना खाडी दिसायला हवी. उंडी मध्ये येत होती, शिवाय तिची फळं खायला वटवाघळं यायची आणि सगळीकडे बिया पसरायची. तिच्या जागी मऊ हिरवळ आणि शोभेचे पाम लावायचं ठरलं. तशी झाडं त्याने कंपनीच्या गेटवर पाहिली होती. दूरच्या नर्सरीतून ट्रक भरून रोपं आली.

माझ्यावर हात होता मंगळ्याचा. भात झोडून झालं की तो डोंगराकडच्या पाड्यावरून दरवर्षी कामाला यायचा. उंडी काढताना एकेका झाडाला तीन तीन दिवस लागले. मग हिरवळीसाठी जमीन खणायला घेतली, तेव्हा तो थांबला.

"भावेशशेट, दोन हातावं खारं लागलं. हे गवत हितं नाय जगायचं."

"कंपनीच्या गेटवर मे महिन्यातसुद्धा हिरवंगार असतं, मंगळ्या."

"गेटावं रोज टँकर येतो, शेट. मी भरलाय त्यो. हितं कोन येनार?"

भावेश म्हणाला, विहीर आहे की. आणि तोंड कमी चालव, पहार चालव.

ओटीवरून आत्माराम सगळं ऐकत होते. त्यांनी सुलूला हाक मारली. शब्द जड झाले होते, तरी मला नीट कळले.

"सुले, पहार हिकडं आन. टोक बगू दे मला."

सुलू माझ्यापर्यंत आली. तिचा हात माझ्यावर पडला. मग तिने तो काढून घेतला आणि परत जाऊन नवऱ्याजवळ बसली. "पोरगं घरी राहतो म्हनतंय," ती हळूच म्हणाली. "राहू दे ना. त्या कंपनीचा वास किती धुतला तरी त्याच्या शर्टातून जात नाय."

टोक ओलं होतं, खारट होतं. मी खणत राहिले.

हिरवळ सुंदर आली, हे खोटं बोलणार नाही. पाहुणेही आले. पण तिची तहान भागेना. पंप सकाळी चालायचा, संध्याकाळी चालायचा, फाल्गुनापासून दुपारीही चालू लागला. गोडं पाणी उपसलं जात होतं आणि खालून खाडी सरकत वर येत होती. आड यायला उंडी नसल्याने खारा वाराही थेट वाडीत शिरत होता. पानवेलींचे शेंडे करपायला लागले. सुलू म्हणायची, ऊन जास्त आहे यंदा.

दुसऱ्या वर्षी वैशाखात एका सकाळी चहा फाटला. दूध बदलून पुन्हा केला, पुन्हा फाटला. तिने विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन आत्मारामांच्या ओठांना लावलं. त्यांनी ते गिळलं.

"हे आपल्या बावेचं?" त्यांनी विहिरीकडे नजर वळवून विचारलं.

भावेशने त्याच दिवशी पंप बंद केला. हिरवळ पंधरा दिवसांत वाळली, पाम महिन्याभरात. पानवेली श्रावणापर्यंत तग धरून होत्या. मग एकेक करून गळून पडल्या. त्यांचे वाळके पांगारे पाडायलाही मलाच नेलं.

आत्माराम पुढच्या पावसाळ्यात गेले. भावेश पुन्हा कंपनीत आहे, दुसऱ्या पाळीला. त्याने खालच्या अंगाला उंडीची नऊ रोपं लावली आहेत. ती आता कमरेएवढी झाली आहेत. वारा अडवायला त्यांना अजून वीस वर्षं तरी लागतील. मंगळ्याला वाडीत काम उरलं नाही. तो आता बायडीला, त्याच्या बायकोला, घेऊन बोईसरला इमारतींच्या कामावर जातो. मी पंपाच्या खोलीत कोपऱ्यात उभी असते.

मित्रांनो, रोप आवडलं म्हणून लावू नका. तुमच्या गावच्या बांधावर, खाडीकाठी, माळावर न विचारता काय उगवतं, ते आधी पाहा. तिथल्या मातीची आणि त्या झाडाची ओळख तुमच्या जन्माआधीची असते. ती मोडायला माझ्यासारख्या पहारीला तीन दिवस पुरतात.

विहीर अजून मचूळच आहे. सुलूचं वय झालं. सणाला विड्याची पानं आता ती पालघरच्या बाजारातून आणते. एकेक पान उलटून बघते, शीर बघते, देठ बघते. मग मांडून ठेवते. कुठल्या वाडीचं आहे, हे मात्र ती कुणाला विचारत नाही.