दुखवट्याच्या ठरावाला अनुमोदन

चूक झाली ती नेमकी दुखवट्याच्या ठरावात. बाई गेल्या म्हणून सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं, अध्यक्षांनी कोरडे डोळे रुमालानं पुसले, आणि दुसऱ्या दिवशी मुंगीमास्तरांनी त्या ठरावाखाली नेहमीच्या सवयीनं टाइप केलं: सूचक, अध्यक्ष, अनुमोदक, बाई. म्हणजे बाई गेल्याचं सभागृहाला दुःख झालं, आणि या दुःखाला खुद्द बाईंचा पाठिंबा!

मास्तरांनी कागद टराटरा फाडला. दुसरा छापला. त्यावरही तेच नाव. पहिली चूक हाताच्या सवयीची म्हणू, पण दुसऱ्या वेळी त्यांनी उपाध्यक्षांचं नाव टाइप केलेलं त्यांना चांगलं आठवत होतं. निदान तसं वाटत तरी होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. नगरपालिकेच्या सभेत कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं आणि त्याचं इतिवृत्त तयार करायचं, एवढंच काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. लिहायचे लघुलिपीत. वहीभर मुंग्या पांगल्यासारखं ते दिसायचं, म्हणून मुंगीमास्तर. त्या मुंग्या त्यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नसत. त्यांची बायको म्हणायची, "अहो, निदान वाण्याची यादी तरी माणसांच्या अक्षरात लिहा." माणूस नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. निवृत्तीला सात महिने उरले होते.

आता हे अनुमोदनाचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. ठराव कुठलाही असो, एकानं तो मांडायचा आणि दुसऱ्यानं त्याला अनुमोदन द्यायचं, तेव्हा तो पुढं सरकतो. मांडायला सगळे एका पायावर तयार, कारण पेपरात नाव येतं. अनुमोदनाची वेळ आली की सगळ्यांना एकदम खोकला यायचा, कारण उद्या चौकशी लागली तर तिथूनच सुरुवात होते. दर सभेला इथंच घोडं अडायचं.

त्यावर त्या शहाण्या मंडळींनी तोड काढली होती. ती तोड म्हणजे नाल्यापलीकडच्या वस्तीतून निवडून आलेल्या याच बाई. घरी शिवणकाम करायच्या. सभेत अगदी कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी खुर्चीवर बसायच्या आणि तोंडातून ब्र काढायच्या नाहीत. पण खुर्ची इतकी खिळखिळी होती, की बाईंनी नुसता पाय हलवला तरी ती करकरायची. अध्यक्ष विचारायचे, "अनुमोदन?" कोपऱ्यात खुर्ची करकरायची. "बाईंचं अनुमोदन," अध्यक्ष म्हणायचे. सभागृह हसायचं, बाई ओशाळून हसायच्या, आणि मास्तर लिहायचे. चार वर्षांत त्या खुर्चीनं दोनशेच्या वर ठरावांना पाठिंबा दिला. बाईंनी एकालाही नाही.

बाई बोलल्या त्या फक्त एकदा, गेल्या वर्षी. नाल्यावरच्या पायपुलाच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला निधी सभागृहात नव्या खुर्च्या घेण्यासाठी वळवायचा, असा ठराव होता. सूचक उपाध्यक्ष. अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदन?" आणि बाई चक्क उभ्या राहिल्या. पदर सावरत म्हणाल्या, "माझी खुर्ची करकरते ती करकरू दे. तो पूल करकरतोय, तो आधी बघा. माझी माणसं रोज त्यावरून जातात. माझा याला विरोध आहे, लिहून घ्या."

मास्तरांनी लिहून घेतलं. मुंग्या भराभर कागदावर उतरल्या. बाई बसल्या आणि बसताना खुर्ची करकरली. अध्यक्ष म्हणाले, "झालं, बाईंचं अनुमोदन." सभागृह खो खो हसलं. सभा संपल्यावर अध्यक्षांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, बाई भावनेच्या भरात बोलल्या. ते काही घेऊ नका. नेहमीसारखं करून टाका."

मास्तरांनी नेहमीसारखं करून टाकलं. पुढच्या सभेत रिवाजाप्रमाणे अध्यक्ष म्हणाले, "मागचं इतिवृत्त वाचलं असं समजू या." ते कधीच कुणी वाचत नसे. सगळ्यांनी वाचलं असं समजलं, अध्यक्षांनी सही ठोकली, इतिवृत्त कायम झालं. एकदा कायम झालं की सभेचं ध्वनिमुद्रण पुसतात. बाईंचा आवाज तेवढ्यावर संपला.

खुर्च्या आल्या. गुबगुबीत, गोल फिरणाऱ्या, बिनआवाजाच्या. जुन्या लाकडी खुर्च्या भंगारवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला. आणि सहा महिन्यांनी भर सकाळी पायपूल मधोमध तुटला. त्यावर तिघं होते. एक दूधवाला, एक शाळेतली शिक्षिका आणि शिवायचे कपडे घेऊन निघालेल्या बाई.

म्हणून तो दुखवट्याचा ठराव, तोही दोन महिन्यांनी भरलेल्या सभेत.

मास्तरांनी तिसऱ्यांदा कागद छापण्याआधी कानाला हेडफोन लावून त्या सभेचं ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. अध्यक्षांचा जड आवाज, खोकले, पंख्याची घरघर. मग "अनुमोदन?" आणि त्यामागून, स्वच्छ, जुन्या लाकडाची ओळखीची करकर.

त्यांनी हेडफोन काढला. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंना ऐकायला दिला. त्या म्हणाल्या, "मला तर नुसता पंखा ऐकू येतोय. तुम्ही जरा कान तपासून घ्या ना, मास्तर." मास्तरांनी मागं मागं जात ऐकलं. त्याच सभेत आणखी नऊ ठराव झाले होते, गटारीच्या झाकणांपासून अध्यक्षांच्या नव्या गाडीपर्यंत. प्रत्येक वेळी "अनुमोदन?" आणि प्रत्येक वेळी ती करकर. ज्या खुर्चीच्या फळ्या केव्हाच कुणाच्या तरी चुलीत गेल्या असतील, तिची. की ती पुलाची होती? मास्तरांना सांगता येईना. दोन्हींचं लाकूड एकाच आवाजात रडत होतं. त्यांना भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी, आणि दुपारचे बारा वाजलेले असताना त्यांनी खोलीतला दिवा लावला.

तिसऱ्या दिवशी बाईंची मुलगी आली. तिशीतली, बोटाला टाचण्या टोचून टोचून घट्टे पडलेली. आता आईचं मशीन तीच चालवायची. हातात इतिवृत्ताची प्रत होती, चौकशी समितीच्या अहवालाला जोडलेली. समितीनं भलं मोठं संशोधन करून शोधून काढलं होतं, की पुलाचा निधी वळवायला खुद्द त्या वॉर्डाच्या बाईंनीच अनुमोदन दिलं होतं. बाकी सगळे हात झटकून मोकळे.

"काका," ती म्हणाली, "वस्तीत आमच्याशी कुणी बोलत नाही. दूधवाल्याची आई दारात येऊन बोटं मोडते. म्हणते, तुझ्या आईनं खुर्चीपायी पूल विकला. दीड महिन्यात एक कपडा शिवायला आला नाही. ते जाऊ दे. मला एकच सांगा. त्या दिवशी आई घरी आली ती नाचतच. म्हणाली, आज मी बोलले, सगळ्यांच्या तोंडावर बोलले. आणि इथं हे लिहिलंय. माझी आई माझ्याशी खोटं बोलली का?"

मास्तरांच्या पायाशी कपाटाच्या खालच्या खणात ती वही होती. त्यातलं पान त्यांना डोळे मिटून सापडलं असतं. त्या मुंग्या जगात एकालाच वाचता येत होत्या, आणि तो समोर बसून पेपरवेट फिरवत होता.

"बघून सांगतो," ते म्हणाले.

ती गेल्यावर ते अध्यक्षांकडे गेले. आडून आडून विषय काढला, की त्या खुर्च्यांच्या ठरावात लिहिण्याची काहीतरी गफलत झालेली दिसते, दुरुस्त करता येईल का. अध्यक्ष नव्या खुर्चीत एक गिरकी घेऊन म्हणाले, "मास्तर, कायम झालेलं इतिवृत्त म्हणजे दगडावरची रेघ. आणि गफलत कुणाची? हात कुणाचा? सात महिन्यांवर आलंय ना तुमचं? सुखानं घरी जा."

इतकी वर्षं मास्तरांना एवढं पुरलं असतं. पण ते परत खोलीत येऊन बसले आणि हेडफोन न लावताच त्यांना करकर ऐकू आली. मग जिन्यात आली. मग घरी, बायकोनं कपाट उघडलं तेव्हा आली. तिनं विचारलं, "काय होतंय तुम्हाला? चेहरा का असा पांढराफटक?" मास्तर म्हणाले, "एका बाईचं बोलणं माझ्याकडे राहून गेलंय." बायकोला वाटलं निरोप असेल. म्हणाली, "मग देऊन टाका की."

एवढं सोपं होतं ते. मास्तरांना हसू आलं आणि रडूही. कायम झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही, हे खरं. पण त्यात दुरुस्ती करणारी नोंद पुढच्या इतिवृत्तात कायम झाली, तर ती आधीच्या नोंदीच्या वरची. हा नियम अध्यक्षांना माहीत नव्हता. अध्यक्षांनी नियम कधी वाचले होते? वाचले असं समजले होते.

मास्तरांनी दुखवट्याच्या सभेचं इतिवृत्त नव्यानं टाइप केलं. शेवटी लिहिलं: लेखनिकाचं निवेदन. खुर्च्यांच्या ठरावाला बाईंचं अनुमोदन नव्हतं, विरोध होता. लेखनिकानं तो जाणूनबुजून गाळला. बाईंचे शब्द असे. आणि वही उघडून एकेक मुंगी माणसांच्या अक्षरात उतरवली. दुखवट्याच्या ठरावाखाली अनुमोदकाची जागा त्यांनी कोरी ठेवली. बाईंच्या मुलीला निरोप पाठवला, सोमवारी सभेला या, मागच्या बाकावर बसा.

सोमवारी सभा भरली. बाईंची नवी खुर्ची कोपऱ्यात होती, तिच्यावरचं प्लॅस्टिक बाईंनी कधी काढलंच नव्हतं. मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. एखाद्यानं जरी रजिस्टर मागून घेतलं असतं, तरी खेळ खलास.

"मागचं इतिवृत्त वाचलं असं समजू या," अध्यक्ष मोबाइलमध्ये बघत म्हणाले. "सूचक?"

उपाध्यक्षांनी चहाच्या कपाबरोबर बोट वर केलं.

"अनुमोदन?"

एक खोकला. दुसरा खोकला. मग शांतता.

आणि कोपऱ्यात लाकूड करकरलं. सावकाश, एखादं माणूस बऱ्याच वेळानं टेकतं तसं.

"बाईंचं अनुमोदन," अध्यक्ष मान वर न करता म्हणाले. "कायम." आणि पुढं सरकवलेल्या रजिस्टरवर सही ठोकली.

पेन कागदावरून उचललं तेव्हा त्यांना कळलं आपण काय बोललो ते. कुणी हसलं नाही. सगळ्या गुबगुबीत खुर्च्या एकाच वेळी, बिनआवाज, कोपऱ्याकडे वळल्या. तिथं प्लॅस्टिक होतं आणि बाकी काही नव्हतं. नंतर कुणी म्हणालं ऐकू आलं, कुणी कानांवर हात ठेवले.

"काय... काय होतं इतिवृत्तात?" अध्यक्षांनी विचारलं.

मास्तर उभे राहिले. एकतीस वर्षांत सभागृहात त्यांचा आवाज पहिल्यांदाच लागत होता, त्यामुळे सुरुवातीला तो फाटला. "माझी खुर्ची करकरते ती करकरू दे," त्यांनी वाचलं. "तो पूल करकरतोय, तो आधी बघा." शेवटपर्यंत वाचलं. 'लिहून घ्या' हेसुद्धा.

त्यांच्या निलंबनाचा आदेश चारच्या आत टाइप झाला. टायपिस्टबाईंनी रडत रडत केला. तो हातात पडायच्या आधी मास्तरांनी प्रत काढली, शिक्का मारला, सही केली आणि जिन्यात उभ्या असलेल्या मुलीला दिली. तिनं वाचली. आधी तिला हसू फुटलं. "ही आईच," ती म्हणाली, आणि मग भिंतीला टेकून रडली.

डोळे पुसून तिनं विचारलं, "तेव्हाच का नाही लिहिलंत, काका?"

"भ्यालो," मास्तर म्हणाले. दुसरं काही नव्हतंच सांगण्यासारखं.

तिनं प्रत नीट घडी घालून पिशवीत ठेवली.

"वस्तीतले लोक म्हणायचे, त्या पुलावरून जाऊ नका, लांबून जा," ती म्हणाली. "आई हसायची. म्हणायची, खुर्च्या आल्या तरी कसली काळजी, माझा विरोध मास्तरांनी लिहून घेतलाय. आज-उद्या दुरुस्तीची माणसं येतीलच."