पंधरा परवाने, बारा टेबलं

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्याच्या कचेरीत टेबलं बारा आणि सर्व्हर एक. ज्यानं त्यानं आपल्या टेबलावरून सर्व्हरमध्ये शिरायचं, दुकानांकडून आलेले नंबर बघायचे आणि कामाला लागायचं. शिरण्यासाठी प्रत्येक कॉम्प्युटरला एकेक परवाना लागे. परवाने होते पंधरा. "बारा टेबलांना पंधरा, मॅडम, आयुष्यात तोटा पडायचा नाही," असं सिस्टिमवाल्यानं मालकीणबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. माणसानं छाती जपून ठोकावी.

सोमवारी सकाळी तीन टेबलं बंद पडली, तीही सगळ्यांत नवी. पडद्यावर एकच ओळ: परवाना उपलब्ध नाही.

सिस्टिमवाल्यानं परवाने वाटणारी सर्व्हिस बंद करून चालू केली. मग सर्व्हर बंद करून चालू केला, तेव्हा उरलेली नऊ टेबलंही ओरडली. शेवटी, जे आधी करायला हवं होतं ते केलं आणि परवान्यांची यादी उघडली. पंधराच्या पंधरा वाटून झाले होते. नऊ जुन्या टेबलांकडे नऊ, आणि सहा कुणा अनोळखी कॉम्प्युटरांकडे. नव्या तिघांचं आजवर तात्पुरत्या परवान्यावर भागत होतं, त्याची मुदत आज संपली.

"चोरी!" तो पुटपुटला आणि त्याला बरं वाटलं. चोर सापडला की आपण सुटतो.

त्यानं त्या सहा परवान्यांच्या तारखा आपल्या तक्रारवहीशी ताडून पाहिल्या. सहाही दिवशी तक्रार एकाच टेबलाची होती, काचांच्या पाठवणीच्या. तिथं त्याची सासू बसत असे.

आता शहाण्या माणसानं इथं वही मिटून पाणी प्यायलं असतं. हा तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेला. नातं आड येऊ द्यायचं नाही, हा त्याचा बाणा. मॅडमचा त्याहून मोठा. त्यांनी सासूबाईंना बोलावलं.

"बाई, या बघा सहा तारखा. तुमच्या टेबलानं सहा परवाने खाल्ले म्हणतात. काय दाबता तुम्ही?"

"जे दाबायला सांगितलंय तेच, मॅडम."

"हे बघा, आठच महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला. कॉम्प्युटर झेपत नसेल तर उद्यापासून घरीच बसा."

एकोणतीस वर्षं तिनं ते टेबल सांभाळलं होतं. शेवटच्या दिवशी ताठ मानेनं दारातून बाहेर पडायचं, एवढीच तिची हौस होती. तिनं जावयाकडे एकदा पाहिलं आणि जाऊन पिशवी भरू लागली: पाठीची उशी, हाताचं मलम, ज्यात एकही पेन चालत नव्हतं असा पेनांचा डबा.

सामान उचलू लागायचं म्हणून सिस्टिमवाला मागोमाग गेला. टेबलावर तिची पाठवणीची वही उघडी होती. त्यानं सहज तारीख पाहिली. मग पान उलटलं, मागचं उलटलं. सहा तारखा, सहा वेळा तेच टपोरं अक्षर: 'जावईबापूंनी कॉम्प्युटर कोरा करून दिला. जेवणापर्यंत पाठवणी बंद.'

कोरा! अक्षर बारीक दिसतं, माऊस अडतो, काहीही असो, सासूबाईंची तक्रार म्हटली की हा सगळं पुसून पहिल्यापासून घालून देई. जावयानं हात राखून काम केलं असं व्हायला नको. आणि पुसलेला कॉम्प्युटर सर्व्हरला दर वेळी नवा वाटे आणि सर्व्हर त्याला नवा परवाना देई. जुना तसाच अडकून पडे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, आणि दोर यानंच वळलेला.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"परवान्यातलं मला काय कळतंय? पण त्या तारखा तुमच्या, एवढं कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी जाणारच आहे आठ महिन्यांनी. तुम्हाला अजून वीस वर्षं काढायचीत इथं. आवरू द्या मला."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वही काखोटीला मारून तो केबिनमध्ये गेला आणि दार लोटायचंही विसरला, त्यामुळे सगळ्या कचेरीनं ऐकलं. "मॅडम, सहाही परवाने मी खाल्लेत. बाईंचा काही दोष नाही. घरी बसायचं तर मी बसतो."

मॅडमनी वही वाचली. सहाही पानं. "सासूला खूश करायला माणसं साडी आणतात हो," त्या म्हणाल्या. "बसायचं काय घरी? आधी ती तीन टेबलं चालू करा." मग बाहेर येऊन, सर्वांसमक्ष, त्यांनी बाईंची माफी मागितली आणि उशी स्वतः खुर्चीला लावली.

नियमानं एका वेळी पंधरातले तीनच परवाने परत घेता येत होते. त्यानं तेवढे घेतले, नवी टेबलं चालू झाली. उरलेले तीन मुदत संपली की आपोआप सुटणार होते.

संध्याकाळी जिन्यात त्यानं सासूला गाठलं. "आई, एक विनंती आहे. घरी हिला यातलं काही सांगू नका."

"छे हो, मी कशाला सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "सकाळी टेबलं बंद पडून गलका झाला तेव्हाच तिला फोन केला होता. तीच म्हणाली, 'आई, यांचाच घोळ असणार. तू गप्प बस, बघू किती वेळात कबूल करतात.'"