सावरेचा घसा

रकियाला जाऊन चार दिवस झाले होते. सहा वर्षांची पोर. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, संध्याकाळी मान लाकडासारखी ताठ झाली, आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडी दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं आटोपलं. उत्तरेकडून धुळीचा वारा सुटला की हा मान आखडणारा ताप गावात शिरतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. या हंगामातलं हे तिसरं मूल.

रकिया देलूच्या पोटची, पण निजायची सावरेच्या कुशीत. सावरे ही थोरली सवत. तिला मूलबाळ नव्हतं. पोरीला बाजरीचा घास चावून मऊ करून तिनेच भरवला होता, आणि पुढेही दोघी एकाच वाडग्यातून ताक-बाजरी प्यायच्या. नवरा कामासाठी सीमेपलीकडे गेलेला. त्याला अजून निरोपही पोचला नव्हता.

नर्स सालिसू मोटारसायकलवरून गोळ्यांचे डबे घेऊन आला, तेव्हा सारं गाव कडुनिंबाखाली जमलं.

"प्रत्येकाने एक गोळी घ्यायची," तो म्हणाला. "ताप असो वा नसो."

म्हातारा तान्को हसला. "मी बैलासारखा ठणठणीत आहे. औषध आजाऱ्याला देतात रे बाळा!"

"आजारी माणूस अंथरुणात पडून असतो, आजोबा. रोग गावभर फिरवतो तो ठणठणीत माणूस. जंतू त्याच्या घशात बसून राहतो, त्याला काहीच करत नाही. मग तो कुणाशेजारी निजतो, कुणाच्या भांड्यातून पितो, आणि जंतू तिकडे जातो. या गोळीने घसा साफ होतो."

देलूने सावरेकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हणजे माझी पोर हिच्या तोंडाने गेली."

सावरे पुढे गेली आणि सालिसूसमोर उभी राहून तिने तोंड उघडलं.

"बघ. आहे का सांग."

"डोळ्यांना दिसत नाही, मावशी."

"मग यंत्राने बघ."

"यंत्राने आज आहे की नाही एवढंच कळेल. रकियाला कुणाकडून लागला, ते नाही. तिच्या आईकडूनही असेल, विहिरीवरच्या कुणाकडूनही असेल." सालिसूने डब्यातून एक गोळी काढली. "तुझ्याकडून नाहीच, असंही मी म्हणणार नाही. पण हे तुला कळण्यासारखं नव्हतं."

सावरेने गोळी घेतली, पाण्याबरोबर गिळली आणि तान्कोकडे वळली. "घ्या आजोबा. मी आत्ता जे ऐकलं, ते ऐकायची पाळी तुमच्यावर नको यायला."

म्हाताऱ्याने मुकाट्याने हात पुढे केला. त्याच्यामागे रांग लागली. देलूने सगळ्यात शेवटी घेतली.

दोन दिवसांनी एका मुलाला ताप आला, पण तो वेळेत दवाखान्यात पोचला आणि वाचला. त्यानंतर कुणीच आजारी पडलं नाही. देलूने मात्र चूल वेगळी मांडली. एकाच अंगणात राहून ती सावरेशी तीन आठवडे बोलली नाही.

मग एका दुपारी ती सावरेच्या झोपडीच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुझ्यामुळे की माझ्यामुळे, हे कधीच कळायचं नाही ना, अक्का?"

"नाही."

"त्या सकाळी ती तुझ्याजवळ जागी झाली. काय म्हणाली?"

"डोकं दुखतंय म्हणाली. मग म्हणाली, आईला सांगू नको, ती मला पाण्याला नेणार नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"दुपारपर्यंत नाही. वाटलं, ऊन लागलं असेल."

देलू दारातच मटकन खाली बसली. "माझ्याबरोबर यायचं होतं तिला," ती म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. सावरे उठून तिच्याजवळ गेली. हात लावायचं धाडस झालं नाही, म्हणून नुसतीच शेजारी बसली. रकियासाठी दोघी त्या दुपारी पहिल्यांदाच एकत्र रडल्या.