चाळीस दिवसांची प्रार्थना, अठ्ठावीस दिवसांची नोटीस

रविवारची उपासना संपली, चहा-वडे आले आणि इंग्लंडमधल्या लीड्सच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा आवडता कार्यक्रम सुरू झाला: कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, नावानं बोटं मोडणं! चर्चशेजारची बेकरी बंद पडली होती आणि तिथे जुगाराच्या मशिन्सचं दुकान येणार होतं. चर्चच्या भिंतीला भिंत, समोर शाळेचा बस स्टॉप!

सोळा वर्षांच्या वरदाला ते दुकान सतत टोचत होतं. तिचे पप्पा, विनय, असल्याच मशिन्सपुढे बसून एकदा घरदार विसरले होते. त्यातून सुटून त्यांना दोन वर्षं झाली होती. दर मंगळवारी ते याच चर्चच्या हॉलमध्ये जुगार सोडणाऱ्यांच्या मीटिंगला येत. आता तिथे पोचायला त्या झगमगत्या दारावरूनच जायचं!

दुकानासमोरच्या खांबावरच्या नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं: हरकत असेल तर अठ्ठावीस दिवसांत कौन्सिलला लेखी कळवा. वरदानं घरोघरी फिरून हरकतीचे एकसष्ट फॉर्म भरून घेतले होते. पाळक ज्ञानेश्वरकाका म्हणाले होते, "दे माझ्याकडे, बेटा. मी बघतो."

आज ती वेदीवरची फुलदाणी उचलायला गेली आणि थिजलीच. क्रुसाखाली पांढऱ्या रिबिनीत बांधलेला गठ्ठा. तिचेच फॉर्म!

गठ्ठा घेऊन ती हॉलमध्ये काकांसमोर आली. "काका, हे अजून वेदीवरच?"

"अगं, त्यांच्यावर चाळीस दिवसांची प्रार्थना धरलीय ना. आज एकोणिसावा दिवस."

"उद्या पाच वाजता मुदत संपतेय!"

हॉलमधले कप जागच्या जागी थांबले.

"वरदा," काका शांतपणे म्हणाले, "आपण राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायची, त्यांच्या अंगावर जायचं नाही. राजकारण म्हणजे चिखल."

"चिखल तर आपल्या दारात येतोय! वडे खाता खाता कौन्सिलला शिव्या घालता, ते राजकारण नाही? फक्त कागद पोचवायचा म्हटलं की राजकारण?"

"आवाज खाली! केवढं तोंड या पोरीला," मागून कुणीतरी पुटपुटलं.

तेवढ्यात लीलावतीमावशी काठी टेकत उठल्या. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या त्या.

"ज्ञानेश्वर, जेवणाआधी प्रार्थना करतोस ना?"

"अर्थात, मावशी."

"मग आमेन म्हटल्यावर तोंड उघडून बसतोस का, देव घास भरवेल म्हणून?"

कुणीतरी फिसकन हसलं. मावशी हसल्या नाहीत.

"मी वॉर्डात एकेका पेशंटसाठी प्रार्थना केली रे. पण इंजेक्शन मीच द्यायची. इथे सरकार तुला स्वतःहून विचारतंय, तुझी हरकत आहे का? आणि देवानं दिलेला हा हक्क तू रिबिनीत बांधून त्यालाच परत करतोस? ही भक्ती नव्हे, भीती आहे!"

काका काही बोलणार, तोच पप्पा उभे राहिले. मंडळीत ते कधीच बोलत नसत.

"पाळकसाहेब, गेल्या मंगळवारी मी त्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभा होतो. मशिन्स अजून आल्यासुद्धा नाहीत. तरी उभा होतो. माझ्यासाठी प्रार्थना कराच. पण तो कागदही पोचवा."

वरदाला हे माहीतच नव्हतं! तिनं पप्पांचा हात घट्ट धरला.

ज्ञानेश्वरकाकांनी तो गठ्ठा हातात घेतला. मग त्यांनी रिबिनीची गाठ सोडली.

"पोरी, मावशी खरं बोलतात. मी व्हिसावर आलो, तेव्हापासून सरकारी पाकीट दिसलं की उघडायलाच घाबरतो. आता पासपोर्ट इथला आहे, पण भीती तीच. तिलाच मी श्रद्धा म्हणत आलो." त्यांनी खिशातून पेन काढलं. "एखादा कोरा फॉर्म आहे का गं? यात माझीच सही नाही."

सोमवारी सकाळी शाळेआधी तिघं कौन्सिलच्या काउंटरवर उभे होते. बासष्ट फॉर्मवर शिक्के पडले, धाडधाड!

"सुनावणीत कुणी बोलणार आहे का?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"मी," पप्पा म्हणाले.

"आणि मी," काका म्हणाले. नाव त्यांनी स्वतःच लिहून दिलं!

दुकान येईल की नाही, ते सुनावणीत ठरेल. पण त्या दिवशी एका मंडळीला कळलं आणि तुम्हा-आम्हालाही कळायला हवं: प्रार्थनेसाठी हात जरूर जोडा. मात्र आमेन म्हटल्यावर ते सोडा आणि कामाला लावा!